तळटीप : ‘बाइंडर’मधील दोष

ग्रंथकाराने येथे ‘बाइंडर’चा केवळ नामोल्लेख केला असला, तरी अँड्रॉइड प्रणालीत एका प्रक्रियेचा निरोप दुसरीस पोहोचविणारा हा ड्रायव्हर बहुतेक प्रत्येक अ‍ॅपच्या आवाक्यातला असल्याने त्यातील दोषाचे गांभीर्य विशेष होय. एखादा थ्रेड निवृत्त झाला की त्याच्या नावे दिलेला स्मृतिखंड ड्रायव्हर मोकळा करी. परंतु ‘ईपोल’ या प्रतीक्षायंत्रणेच्या दफ्तरी त्या खंडाचा जुना पत्ता तसाच राही, आणि पुढे आपली नोंद खोडण्यासाठी ती त्या पत्त्यावर लिहावयास गेली, म्हणजे दरम्यान तेथे दुसऱ्याच कोणाची वहिवाट सुरू झालेली असल्यामुळे, थेट कर्नलच्या स्मृतीवर परक्याचा कब्जा बसण्यास वाट मिळे. मूळ चूक क्षम्य मानता येईल. पण दोष जाहीर होण्याच्या फार आधीच लिनक्सच्या ४.१४ आवृत्तीत, सुरक्षादोष म्हणून क्रमांक न देता, झालेली दुरुस्ती पिक्सेल २ सारख्या फोनांपर्यंत पोहोचू नये, ही हयगय मला अधिक दोषास्पद वाटते. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने ऑक्टोबर २०१९ मध्ये, प्रत्यक्ष गैरवापराची चिन्हे दिसल्यावरून, अवघ्या सात दिवसांच्या मुदतीने हा दोष जाहीर केला; ‘सीव्हीई-२०१९-२२१५’ हा त्याचाच क्रमांक. — संपादक