पत्ता, खूण आणि विश्वास

१९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था जन्माला आली. तिच्यात सर्व्हर असतो तो आपल्याच टेबलावर, पडदा आणि कळफलक सांभाळणारा. दूरच्या संगणकांवरचे प्रोग्रॅम त्याच्याकडे पाहुणे म्हणून येतात. मग आत कोणाला घ्यायचं?

पहिलं उत्तर यादीचं होतं. ‘एक्सहोस्ट’ ही आज्ञा देऊन चालतील त्या संगणकांची नावं नोंदवायची. पण तेव्हा एकेका संगणकावर अनेकजण काम करीत. वाड्याचा पत्ता ओळखीचा, म्हणून काय प्रत्येक बिऱ्हाडकरू ओळखीचा होतो? त्यात कोणी कंटाळून आज्ञेपुढे नुसतं अधिकचिन्ह दिलं, की दार सगळ्यांना सताड उघडं! आत आलेला प्रोग्रॅम आपण टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, अगदी पासवर्डसुद्धा, टिपू शकत असे.

पुढे ‘मॅजिक कुकी’ आली: १२८ बिटांची गुप्त खूण, वापरणाऱ्याच्या खासगी फाइलीत ठेवलेली. खूण दाखवेल तो आत. मात्र ती नेटवर्कवरून उघडीच जाई. वाटेत कान लावून बसलेल्याला ती चोरता येई. १९९५मध्ये फिनलंडच्या तातू युलॉनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि तो संवाद सांकेतिक रूपात जाऊ लागला.

पत्ता झाला, खूण झाली, वाटही सुरक्षित झाली. तरी पाहुण्याच्या मनात काय आहे, हे यातलं काहीच सांगत नाही. म्हणून २००८मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ने एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची अक्षरं दिसू न देण्याचा मार्ग धरला. विश्वास कोणावर ठेवायचा, एवढं ठरवून भागत नाही. कितपत ठेवायचा, हेही आपणच ठरवायचं असतं.