औरंगाबादची खानेसुमारी आणि स्त्रियांचे श्रम

औरंगाबाद (सांप्रतचें छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याची वस्ती निजाम संस्थानच्या खानेसुमारींत अशी नोंदली आहे : सन १८८१, ७,३०,३८०, सन १८९१, ८,२८,९७५, सन १९०१, ७,२१,४०७. याच वीस वर्षांत शहराची वस्ती मात्र ३०,२१९ वरून ३६,८३७ झाली. जिल्हा घटला व शहर वाढलें, हें कसें ?

जिल्ह्याच्या घटीचें मुख्य कारण सन १८९९-१९०० चा दुष्काळ होय. शहरांत १८८९ सालीं कापसाची गिरणी निघाली; पुढें १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग येतांच सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने उभे राहिले. तेव्हां शहराची वाढ केवळ जननानें झाली असें मानतां येत नाहीं. पोटासाठीं आलेल्यांचा वांटा तींत धरलाच पाहिजे.

स्त्री कमावूं लागली कीं अपत्यें कमी होतात, असें हल्लीं सरसकट सांगितलें जातें. येथील जुना धंदा या मतास मर्यादा घालतो. हिमरूच्या मागावर विणकर बसे, नक्षीचे धागे उचलण्यास पोरगा लागे, आणि घरांतील बायका सूत उकलून कांड्या भरीत. घर हाच कारखाना. तान्हें मूल जवळ ठेवून काम होई व तेंच मूल पुढें हाताखालीं येई. अशा श्रमानें जनन आटोपतें घेण्याचें कारण नव्हतें. कारखान्यांत मात्र घर व काम यांची फारकत झाली. मुंबई इलाख्यानें ही अडचण ओळखून १९२९ सालीं प्रसूतिसाहाय्याचा कायदा केला. निजामाच्या मुलखांत असलेल्या औरंगाबादेस तो लागू नव्हता.

सन २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील जननमान दर स्त्रीमागें १.७ भरलें. त्याचें श्रेय एकट्या नोकरीस देतां येणार नाहीं; शिक्षण, बालमृत्यूंतील घट व संततिनियमनाचीं साधनें हींही कारणें आहेत. म्हणून स्त्री काम करीत होती काय, एवढेंच न पुसतां तें कोठें व कोणाच्या हिशेबीं करीत होती, हें पुसलें पाहिजे.

कांड्या भरणाऱ्या बाईचा हिशेब बहुधा विणकराच्या नांवांतच बुडून जातो. तो वर काढण्यास सावकारांच्या व कापडव्यापाऱ्यांच्या वह्या पाहिल्या पाहिजेत. संग्राहकांस विनंती कीं, फर्मानें व सनदा जपतां तशा या मळकट वह्याही रद्दींत जाऊं देऊं नयेत. एखाद्या पानावर सुताच्या वजनापुढें बाईचें नांव आढळलें, तर तें लोकसंख्येच्या इतिहासाचें साधनच समजावें.