संतांचा सोमवार

गोव्यास नव्याने जाणाऱ्याला एक नाव हटकून चकवते. सेंट झेवियरचे शव जिथे ठेवले आहे ते ‘वेल्हा गोवा’; आणि पणजीहून मडगावच्या वाटेला लागले की दहाएक किलोमीटरवर लागतो तो ‘गोवा वेल्हा’. शब्द तेच, नुसते उलटे. पण वयाने वडील हा दुसराच. पोर्तुगीजांनी १५१० साली मांडवीकाठचे गोवे घेतले, त्याच्या साडेचारशे वर्षे आधी कदंबांच्या पहिल्या जयकेशीने आपली राजधानी चांदोरहून उचलून जुवारीकाठी या भागात आणली होती. गोपकपट्टण म्हणत तिला. आज त्या वैभवाच्या जागी माड आहेत, भातखाचरे आहेत आणि सांत आंद्रेची इगर्ज आहे. तिकडे चर्चला इगर्ज म्हणतात.

ईस्टरला तेरा दिवस उरले की जो सोमवार येतो, त्या संध्याकाळी या इगर्जीतून संतांची मिरवणूक निघते. आम्ही परगावचे पाहुणे रस्त्याच्या कडेला जागा धरून उभे राहतो. फेरीत खाज्यांचे ढीग लागलेले असतात, हातपंखे विकायला आलेले असतात, पोरांची चंगळ चाललेली असते. मग बँडचे संथ, उदास सूर येतात आणि गर्दी आपोआप मागे सरते. खांद्यांवर डुलत एकामागून एक मूर्ती येऊ लागतात. माणसाएवढ्या उंच, खऱ्या कापडाची वस्त्रे ल्यालेल्या. अशा तीसेक मूर्ती आज निघतात. एके काळी साठाच्या वर असत, असे सांगतात. रोम सोडले तर अशी मिरवणूक इथेच, असेही गावकरी अभिमानाने ऐकवतात. मराठी माणसाच्या तोंडून मात्र पहिला उद्गार निघतो तो असा, “अरे, ही तर पालखीच!”

उद्गार अगदीच वावगा नाही. जवळच्या पिलारच्या टेकडीवर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ १६१३ मध्ये उभा राहिला आणि त्या शतकात त्यांनी ही मिरवणूक सुरू केली. या पंथाची तिसरी शाखा संसारी माणसांची. बायकामुलांत राहून व्रत पाळायचे, धंदा सोडायचा नाही, मठात जायचे नाही. फ्रान्सचा राजा लुई आणि हंगेरीची एलिझाबेथ हे या शाखेचे आश्रयदाते संत. ही राजकन्या चोविसाव्या वर्षी, १२३१ साली वारली. वैधव्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडून ती स्वतः त्यांची शुश्रूषा करीत असे. आमचे गोरोबा, सेना, सावता हेही प्रपंचातलेच. फरक एवढाच, की आमच्या पालख्यांत कुंभार, न्हावी, माळी फार. तिकडच्या काही डोक्यांवर मुकुट आहेत.

पण नदी समोर असताना एवढ्यावर समाधान मानणे मला बरे वाटत नाही. गोवा वेल्हा सोडून थोडे पुढे गेले की आगशी लागते, आणि आगशीसमोर जुवारीच्या पैलतीरी कुठ्ठाळ. हीच जुनी कुशस्थळी, मंगेशाचे मूळ ठाणे. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन आले. ते कायमचे उठायला १८१२ साल उजाडले. त्या १५६० च्या आगेमागेच मंगेशाचे लिंग भक्तांनी नदीपलीकडे प्रियोळला, आदिलशाही मुलखात, हलवले. वाचकांपैकी कित्येकांचे ते कुलदैवत असेल. त्या प्रवासात बँड नव्हता, फेरी नव्हती, बघायला कडेला कोणी उभे नव्हते. एक देव गुपचूप गेला त्याच नदीच्या काठी दुसरे संत वाजतगाजत मिरवले. आणि कितीएक घराण्यांत एक भाऊ देवाबरोबर गेला, दुसरा शेतभाटासाठी मागे राहून ख्रिस्ती झाला.

पुढे उलटी पाळी साधूंवर आली. पोर्तुगालने १८३४ मध्ये मठवासी पंथ बंद केले आणि १८३५ मध्ये गोव्यातल्या साधूंनाही मठ सोडावे लागले. ज्या राजसत्तेच्या बळावर ते आले, तिनेच त्यांना बाहेर काढले. मूर्ती मात्र गावाकडे राहिल्या. आज त्यांना खांदा देणारे गावचेच लोक आहेत. ते पाहताना मला वाटते, ही मिरवणूक जितकी साधूंची, तितकीच मागे राहिलेल्या त्या भावाची आहे.

आणखी एक गोष्ट मूर्तींकडे पाहताना आठवते. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती घडवून घेऊ नयेत, असे हुकूम गोव्यात सोळाव्या शतकात निघाले होते. हुकूम काढावा लागला त्याअर्थी ते काम चाललेलेच होते. छिन्नीला धर्म कोण विचारतो? ज्या घरांतले हात कालपरवापर्यंत शांतादुर्गेचे डोळे कोरीत होते, तेच मेरीचेही कोरीत बसले असतील. काळोख पडतो, मेणबत्त्या लागतात, आणि आजूबाजूच्या बाया एकेका संताचे नाव कोंकणीत घेऊन लेकरांना दाखवू लागतात.