तेलविहिरीच्या अंधारांतील साक्षी



भूगर्भांतील तेलाची गोष्ट निघाली, कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच मनोरा आणि तेलाचा उसळता फवारा उभा राहतो. परंतु विहीर खणली म्हणजे काम संपलें असें नव्हे. शेंकडों मीटर खोल आणि जेमतेम वीत-दीड वीत रुंद अशा त्या छिद्रांत कोणता खडक कोठें आहे, त्यांत पोकळी किती आणि त्या पोकळींत पाणी आहे कीं तेल, हें डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. तें ओळखण्याची विद्या कशी जन्मास आली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

पूर्वी खात्रीचा उपाय एकच होता. पोकळ वेधकानें खडकाचा दंडगोल कापून वर आणावयाचा. हें काम खर्चाचें व वेळखाऊ असे. शिवाय ठिसूळ खडकाचा वाटेंतच चुरा होई.

दुसरी वाट काढली ती आल्सेस प्रांतांतील श्लुंबर्जे बंधूंनीं. थोरले कॉनराड हे पॅरिसच्या खनिकर्म विद्यालयांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते; धाकटे मार्सेल हे एंजिनिअर. १९१२ सालीं कॉनराड यांनीं नॉर्मंडींत जमिनींत विजेचा प्रवाह सोडून खालच्या थरांचा अंदाज घेण्याचे प्रयोग केले. १९१९ सालीं त्यांचे वडील पॉल यांनीं पांच लक्ष फ्रँकपर्यंत साहाय्य देऊं केलें, आणि द्रव्यलाभापेक्षां शास्त्रीय संशोधनाला अग्रमान द्यावा, असें करारांत नमूद केलें. असा पिता विरळाच!

५ सप्टेंबर १९२७ रोजीं आल्सेसमधील पेशेलब्रॉन येथील तेलक्षेत्रांत कॉनराड यांचे जांवई आंरी दॉल यांनीं एका विहिरींत तारेनें विद्युदग्रें सोडलीं. एकेक मीटरवर थांबावयाचें, खडकाचा विद्युत्‌रोध मोजावयाचा आणि वहींत टिपावयाचा, असा क्रम चालला. ते आंकडे कागदावर मांडतांच जी वांकडीतिकडी रेषा उमटली, तोच जगांतील पहिला विद्युत्-लॉग होय. तेव्हां दॉल अवघे पंचवीस वर्षांचे होते.

यामागील तत्त्व शाळकरी मुलालाहि समजण्यासारखें आहे. वाळूच्या खडकाचे कण वीज वाहूं देत नाहींत. त्यांच्या फटींतील खारें पाणी वीज वाहतें. तेल वाहत नाहीं. म्हणून जेथें तेल, तेथें रोध अधिक. परंतु फटीच थोड्या असतील, तर पाणी असूनहि रोध वाढतो! मग निवाडा कसा करावा?

याचें गणित जी. ई. आर्ची या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें सुलभ रूप असें: पाण्याच्या रोधाला पोकळीच्या वर्गानें भागावें, म्हणजे सर्व फटी पाण्यानें भरल्या असतां खडकाचा रोध किती असावा तें निघतें. त्याला मोजलेल्या रोधानें भागून वर्गमूळ काढावें. तो पाण्याचा वांटा.

उदाहरण घेऊं. पाण्याचा रोध ०.१ ओहम-मीटर आहे आणि यंत्रानें खडकाचा रोध ४० दाखविला. पोकळी शेंकडा २० असेल, तर पाण्यानें भरलेल्या खडकाचा रोध २.५ असावयास हवा. २.५ ला ४० नें भागून वर्गमूळ काढलें, कीं पाव हिस्सा पाणी येतें. म्हणजे तीन हिस्से तेल अथवा वायु. आतां पोकळी शेंकडा ५ धरा. तोच रोध बरोबर ४० येतो. म्हणजे सारें पाणीच! आंकडा एक, निकाल दोन. पहिला थर सोडला, तर तेल लोखंडी नळाआड बुजतें. दुसऱ्यावर विसंबलें, तर लाखों रुपये पाण्यांत जातात.

म्हणूनच एका साक्षीदारावर निवाडा करूं नये, हा या विद्येचा पहिला धडा. १९३१ च्या सुमारास श्लुंबर्जे मंडळींना विहिरींत आपोआप उत्पन्न होणारा विद्युद्दाब उपयोगी पडूं लागला. त्यानें चिकणमातीचे थर आणि झिरपणारे वालुकाथर वेगळे ओळखतां येऊं लागले. चिकणमातीचे थर बहुधा अधिक गॅमा किरण सोडतात, हेंहि एक गमक ठरलें. १९४१ सालीं इटालियन शास्त्रज्ञ ब्रूनो पाँतेकोर्व्हो यांनीं न्यूट्रॉन कणांची युक्ति मांडली. हायड्रोजन त्यांचा वेग मारतो, आणि हायड्रोजन असतो फटींतील पाण्यांत व तेलांत. यावरून पोकळीचा माग लागतो. पुढें १९५० सालीं आर्ची यांनीं या सर्व अभ्यासाला ‘पेट्रोफिजिक्स’ हें नांव सुचविलें.

आपल्या दाराशीं या विद्येची कसोटी लागली ती मुंबईच्या समुद्रांत. १९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’नें मुंबई हाय येथें तेल शोधून काढलें. परंतु तेथील मुख्य तेलखडक चुनखडीचा. आर्चींचें सूत्र वालुकाश्मावर बेतलेलें. चुनखडींतील पोकळ्या मात्र कोठें सूक्ष्म, कोठें विद्रावानें झालेल्या. म्हणून सूत्रांतील ‘वर्ग’ तेथें जसाच्या तसा धरून चालत नाहीं. खडकाच्या नमुन्यावर तो पडताळावा लागतो.

नवशिक्यानें एवढें ध्यानांत ठेवावें: प्रथम मातीचे थर वेगळे काढावे, मग पोकळी पाहावी, मग पाण्याचा रोध ठरवावा, आणि तेलाचें नांव सर्वांत शेवटीं घ्यावें. न दिसणाऱ्या वस्तूविषयीं बोलतांना घाई न करणें, हीच या शास्त्राची शिस्त आहे. आणि ती तेलविहिरीपुरतीच उपयोगी आहे असें नाहीं.