वेग जुळला, म्हणून दाब जुळला?

घरी काडतुसे भरणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय नेमबाजांमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे. 'क्विकलोड'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये पुंगळीचे आकारमान, गोळीचे वजन, दारूचा प्रकार आणि नळीची लांबी भरायची, मग गोळी झाडून क्रोनोग्राफवर वेग मोजायचा. तो सॉफ्टवेअरच्या भाकिताशी जुळला, तर सॉफ्टवेअरने दाखवलेला दाबही खरा मानायचा. वेग दाबातूनच निर्माण होतो. कार्य बरोबर आले की कारणही बरोबर, असा हा पूर्वपक्ष.

वेग दाबातून निर्माण होतो हे खरेच. पण कोणत्या दाबातून? नळीभर गोळीला रेटणाऱ्या सगळ्या दाबाच्या बेरजेतून. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाचा हिशेब करून पाहा. १६८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा साधारण ३,५०० ज्यूल. नळीतला प्रवास ५५ सेंटिमीटर धरला आणि घर्षण सोडून दिले, तर सरासरी दाब येतो सुमारे १,३०० बार. याच काडतुसाची सीआयपी या युरोपीय संस्थेने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा आहे ४,१५० बार. क्रोनोग्राफची साक्ष सरासरीपुरती. रायफलच्या बोल्टला आणि पुंगळीला झेलावा लागतो तो कमाल दाब. तीच सरासरी देणारा आलेख उंच टोकाचा असू शकतो, तसाच बुटका आणि पसरटही. त्यांतला खरा कोणता, हे वेग सांगू शकत नाही.

याहून गंभीर दोष प्रचलित रीतीत आहे. वेग जुळला नाही, की दारूच्या ज्वलनवेगाचा गुणांक जुळेपर्यंत बदलला जातो. जे आपणच जुळवून घेतले, त्याचे जुळणे हा पुरावा कसा? तफावत दारूच्या नव्या खेपेमुळे आली असेल, घर्षणामुळे असेल, किंवा पुंगळीचे आकारमान पाणी भरून मोजताना झालेल्या चुकीमुळे. समीकरण एक आणि अज्ञाते अनेक, अशी ही स्थिती आहे.

प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीचा, प्रकार तर क्विकलोड वेगळा विचारतच नाही. प्रत्यक्षात नुसता प्रायमर बदलला तरी दाब बदलतो. मोठ्या पुंगळीत मंद जळणारी दारू फार कमी भरली, तर पेट नीट न घेता दाब अचानक धोकादायक चढल्याची उदाहरणे आहेत. गणित मात्र दारू कमी म्हणजे दाब कमी, एवढेच सांगते.

यावर आक्षेप येतो, की छापील भरणतक्तेही एकमेकांशी जुळत नाहीत. जुळत नाहीत, कारण नळ्या वेगळ्या, खेपा वेगळ्या. पण त्यांमागे प्रयोगशाळेत घेतलेली मापे असतात. आणि मापनही सोपे नसते. सामी या अमेरिकी संस्थेच्या मानकात .३०८ ची मर्यादा पिझो संवेदकाने ६२,००० पीएसआय आहे, तर तांब्याचा तुकडा दाबून मोजण्याच्या जुन्या पद्धतीत ५२,००० एकक. काडतूस तेच, मर्यादाही तीच. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. जिथे मोजलेला आकडाही इतका जपून वाचावा लागतो, तिथे न मोजलेल्या आकड्याला त्याच्या बरोबरीने बसवणे मला मान्य नाही.

सॉफ्टवेअर टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. गोळी मिलिमीटरभर खोल बसवली तर दाब कुठल्या दिशेला जाईल, आखूड नळीत किती दारू न जळता बाहेर पडेल, या तुलना ते उत्तम करते. नळीत काडतूस बसते त्या भागावर बाहेरून ताणमापक चिकटवून, ज्ञात दाबाच्या काडतुसांनी तो पडताळून, मग त्या मोजलेल्या आलेखाशी गुणांक जुळवणारे थोडे लोक आहेत. त्यांच्या दाबाच्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन, आणि तोही त्याच नळीपुरता, दारूच्या त्याच खेपेपुरता.