तेलंग, काशिनाथ त्रिंबक

(३० ऑगस्ट १८५० – १ सप्टेंबर १८९३). मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, हिंदू कायद्याचे अभ्यासक व प्राच्यविद्यापंडित. जन्म मुंबईत. एम.ए., एल्‌एल.बी. झाल्यावर १८७२ पासून त्यांनी उच्च न्यायालयात वकिली केली. १८८२ मध्ये माक्स म्यूलर यांच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८८९ मध्ये ते न्यायाधीश झाले व १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. गीतेचे भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव अधिक घेतले जाते. मात्र त्यांचे मोठेपण न्यायासनावरच्या कामात शोधले पाहिजे. हिंदू वारसाहक्काचे खटले चालवणारे बहुतेक इंग्रज न्यायाधीश मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या संस्कृत ग्रंथाच्या कोलब्रुकने १८१० मध्ये केलेल्या भाषांतरावर विसंबून असत. तेलंग मूळ संस्कृत ग्रंथ वाचून निर्णय देत.

याचा ठळक पुरावा म्हणजे ‘आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी’ हा पूर्णपीठाचा निकाल (१८९२). बाप आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असताना, त्याच्या संमतीविना मुलाला वाटणी मागता येणार नाही, असे बहुमत पडले. तेलंगांनी भिन्नमत नोंदवले. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. तो बापाच्या मर्जीवर टांगला, तर हक्क नावापुरताच उरतो. यावर कोणी म्हणेल, की हरलेल्या मताचे मोल काय? मुंबईत बहुमताचाच नियम चालला हे खरे. पण इतर अनेक उच्च न्यायालयांनी तो स्वीकारला नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या तेलंगांनी स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र लहान वयात केले. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. तिने सुधारकाची उंची कमी होते. निकालपत्रातील तर्क त्यामुळे खोटा ठरत नाही.

या निकालांचा आपल्या नांदेड-लातूरशी संबंध काय? हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तेलंगांचे निर्णय तिथे बंधनकारक नव्हते. तरीही विषय या भूमीला परका नाही. विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे लातूरला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, रचली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९८१ पासून या भागाची अपिले उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाऊ लागली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींनाही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. शेतजमिनीच्या वाटणीचे दावे चालवणाऱ्या इथल्या वकिलांनी तेलंगांचे ते भिन्नमत आजही वाचावे. अवघ्या चार वर्षांच्या न्यायाधीशपदात, शास्त्रग्रंथ मुळातून वाचल्याशिवाय त्यावर निकाल देऊ नये, ही शिस्त त्यांनी घालून दिली. भारतीय न्यायव्यवस्थेला त्यांचे हेच सर्वांत मोठे देणे होय.