कॉव्हेंट्रीची रात्र: हेरकथा ऐकताना

मंडळी, हेरगिरीवरचे पॉडकास्ट आपण सगळेच ऐकतो. गाडी चालवताना, भाजी निवडताना. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते, ती आज जरा उलगडून पाहू.

गोष्ट अशी. १४ नोव्हेंबर १९४०. ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश फोडले जात होते, त्यामुळे कॉव्हेंट्री शहरावर बाँबहल्ला होणार हे इंग्रजांना दुपारीच कळलं. पण शहर सावध केलं तर जर्मनांना संशय येईल; म्हणून चर्चिलनी कॉव्हेंट्रीचा बळी दिला. त्या रात्री ५०० हून अधिक माणसं मेली. निवेदक इथे आवाज खाली आणतो, मागे व्हायोलिन वाजतं, आपल्या अंगावर काटा येतो.

हे इतकं गाजवलं कुणी? १९७४ साली फ्रेडरिक विंटरबॉथम यांनी, ‘द अल्ट्रा सीक्रेट’ या पुस्तकात. एनिग्मातून निघालेली माहिती योग्य हातांत पोचवण्याची व्यवस्था यांनीच लावलेली, म्हणजे अगदी आतला माणूस. पण हा आतला माणूस ३४ वर्षांनी, मूळ कागद समोर नसताना, आठवणीतून लिहीत होता. पॉडकास्टमधून नेमकं हेच वाक्य गळतं. आणि त्या रात्री ज्यांचे आईवडील गेले, त्यांना ऐकावं लागलं की आपल्याच सरकारनं त्यांना मरू दिलं.

पुढे कागद खुले झाले. चांदण्या रात्री मोठा हल्ला येतोय, त्याचं नाव ‘मूनलाइट सोनाटा’, एवढं कळलेलं होतं. एका संदेशात ‘कोर्न’ असा शब्दही होता. तो कॉव्हेंट्रीसाठी आहे हे कुणाला उमगलं नाही. हवाई खात्याचा रोख लंडन आणि आसपासच्या भागावर होता. चर्चिल त्या दुपारी लंडनबाहेर निघाले होते. गाडीत कागद वाचले आणि परत फिरले, कारण हल्ला लंडनवर होणार असं त्यांना वाटलं. त्यांचे सचिव जॉन कोलव्हिल यांच्या सांगण्याप्रमाणे ते रात्री हवाई खात्याच्या गच्चीवर विमानांची वाट पाहत होते. कॉव्हेंट्री जळणार हे ठाऊक असलेला माणूस लंडनच्या गच्चीवर कशाला जाईल?

एक गुंता मात्र उरतो, आणि तो आम्ही लपवणार नाही. जर्मन विमानांना वाट दाखवणारे रेडिओ किरण दुपारी कॉव्हेंट्रीवर एकवटलेले आढळले होते, असं काही जण सांगतात. ते कुणाला किती वाजता कळलं याबद्दल साक्षी जुळत नाहीत. पण ही माहिती एनिग्माची नव्हती. तेव्हा एनिग्माचं गुपित जपायला शहर जाळू दिलं, हा दुवा इथंच तुटतो.

शिवाय ते किरण बिघडवायला इंग्रजांनी जामर चालवलेच होते. फक्त त्यांचा सूर लावला होता १५०० हर्ट्झवर, आणि जर्मनांचा होता २०००.